साक्षीदाराने काहीच पाहिलं नाही

'रिबेका' ही कादंबरी मी रद्दीच्या दुकानातून उचलली. कव्हर नव्हतं. वीस रुपये दिले. पुस्तक इंग्रजी, आणि माझं इंग्रजी म्हणजे दहावीपर्यंतचं, पुढचं सगळं डिक्शनरीचं. सूतगिरणीत साचे खात्याला आहे, आठवड्याला पाळी बदलते. तेव्हा पुस्तक संपायला पावणेचार महिने लागले. तेवढ्या काळात जेवणाच्या सुट्टीत खात्यातल्या लोकांना रोज थोडी थोडी सांगत गेलो. म्हणजे वाचणारा मी एकटा असलो तरी मतं पाचसहा जणांची जमली. शिवाय जगभरच्या वाचकांची मतं आहेत, ती ऐंशीच्या वर वर्षं चालूच आहेत. त्या मतांचं आणि आमच्या खात्यातल्या मतांचं काही केल्या जमेना. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधीच सांगतो, रहस्य फोडणार आहे. ज्याला पुस्तक वाचायचंय त्यानं पान उलटावं.

डॅफ्ने द्यू मॉरिए ह्या इंग्रज बाईने ही १९३८ साली लिहून छापली. तिचा नवरा लष्करातला अधिकारी, त्याच्या बदलीमुळे ती इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला होती. तिथल्या उकाड्यात बसून तिनं आपल्या कॉर्नवॉलचा समुद्र, धुकं आणि झाडी आठवत लिहायला सुरुवात केली. गोष्ट अशी. मॉन्टे कार्लोच्या हॉटेलात एक पोरगी आहे, एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण. पगार वर्षाला नव्वद पौंड. तिथं तिला मॅक्सिम द विंटर भेटतो. बेचाळीस वर्षांचा, बायको मेलेला, मॅन्डर्ली नावाच्या मोठ्या वाड्याचा मालक. लग्न होतं, पोरगी वाड्यावर येते. आणि वाडाभर पहिली बायको. रिबेका. समुद्रात बुडून मेली असं सगळे सांगतात, पण तिचं अक्षर आहे, तिचा केसांचा ब्रश आहे, तिच्या पद्धतीनं लावलेली फुलं आहेत. आणि मिसेस डॅन्व्हर्स आहे, घरातल्या नोकरांची मुख्य, काळ्या कपड्यातली, जिनं रिबेकाला लहानपणापासून सांभाळलं. मेलेल्या बाईचं नाव पुस्तकावर, आणि जी गोष्ट सांगते त्या पोरीला शेवटपर्यंत नावच नाही.

समीक्षकांचा एक लाडका शब्द आहे, 'वातावरणनिर्मिती'. ह्या पुस्तकाबद्दल जो तो हाच शब्द वापरतो. धुकं, समुद्राचा आवाज, बंद खोल्या, रक्तासारखे लाल ऱ्होडोडेंड्रॉन. (ह्या फुलाला डिक्शनरीत नीट अर्थ सापडेना. मग कळलं, हिमालयातला बुरांश तो हाच. १८४८ ते १८५० मध्ये हूकर नावाचा वनस्पतीवाला सिक्कीममध्ये हिंडला आणि बियाणं विलायतेला धाडलं. कॉर्नवॉलच्या बागा त्यानंतर फुलल्या. डोंगर चढून त्याचं ओझं वाहणाऱ्या हमालांची नावं बागांच्या पाट्यांवर नसतात. असो, हे विषयाबाहेरचं.)

पण मला विचाराल तर भीती धुक्यातून येत नाही. पुस्तकात भूत नाही, एक दार आपोआप वाजत नाही. भीती येते ती नोकरांच्या नजरेतून. नव्या मालकिणीची आतली कापडं मोलकरीण बघते आणि तिच्या तोंडावर जरासं काहीतरी उमटतं, आणि ही पोरगी लाजेनं मरते. मग क्लॅरिस नावाची एक साधी पोर तिच्या दिमतीला येते, तिनं दुसरी मालकीण पाहिलेलीच नाही, तेव्हा हिला बरं वाटतं. चारच्या पुढं चहा येतो, त्याच्याबरोबर इतकं खाणं की एक उपाशी कुटुंब आठवडाभर जगेल. हे माझं म्हणणं नव्हे, पोरगी स्वतः असं म्हणते. उरलेल्याचं काय होतं हे विचारायची तिची छाती होत नाही. आमच्यातला एखादा माणूस मुकादम झाला की पहिले दोन महिने तो खात्यातून कसा चालतो, ते ज्यानं पाहिलंय त्याला ही भीती शिकवावी लागत नाही. कालपर्यंत आपण ह्याच लोकांत होतो आणि ते हे ओळखून आहेत, ही ती भीती. बाईने ती इतकी बारीक पकडलीय की मी दोनदा पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसलो.

आता मतं. पहिलं मत सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पसरलेलं: ही प्रेमकथा आहे. गरीब मुलगी, श्रीमंत दुःखी पुरुष, मधे मेलेली सवत. पुस्तक खपलं ते ह्याच मतावर. खुद्द लेखिकेला हे पटत नव्हतं, ती म्हणायची की ही मत्सराची गोष्ट आहे. पण वाचक लेखकाचं थोडंच ऐकतो? दुसरं मत अलीकडच्या काळातलं: खरी नायिका रिबेकाच. धीट, हुशार, कुणाला न जुमानणारी, म्हणून तिला मारलं. ह्या मताची पुस्तकंही झाली. अँटोनिया फ्रेझरने १९७६ साली रिबेकाच्या बाजूनं एक छोटी कथा लिहिली, सॅली बोमनने २००१ साली मोठी कादंबरीच. त्याआधी १९६६ साली जीन ऱ्हीसने 'जेन एअर'मधल्या माळ्यावर कोंडलेल्या जमैकाच्या बायकोला अशीच तिची स्वतःची गोष्ट दिली होती. तिसरं मत कंटाळलेल्यांचं: नायिका मिळमिळीत आहे आणि पहिली शंभर पानं हलत नाहीत. ह्या लोकांशी मी भांडत नाही. रातपाळीनंतर वाचताना ती पानं माझ्याकडूनही हलली नाहीत.

आमच्या खात्यातली मतं वेगळीच निघाली.

वाइंडिंगला एक अक्का आहेत, पन्नाशीच्या. पोरीला नाव नाही असं मी सांगितलं तेव्हा मी मोठा गहन मुद्दा सांगतोय अशा आवाजात सांगितलं. अक्का भाकरी मोडत म्हणाल्या, "आमाला तरी कुटं हाय? सा वरसं झाली, अजून 'ए बाई'च चाललंय." मग त्या चिनीमातीच्या बाहुलीवर आल्या. ही जागा बहुतेक वाचक घाईनं ओलांडतात. दिवाणखान्यातली एक महागडी चिनीमातीची मूर्ती नव्या मालकिणीच्या हातून फुटते. ती घाबरून तुकडे टेबलाच्या खणात लपवते. पुढं आळ येतो रॉबर्ट नावाच्या नोकर पोरावर, चोरीचा. ती नवऱ्यापाशी कबूल करते खरी, पण रॉबर्टवर बालंट येऊन गेल्यावर. नवरा हसून तिला म्हणतो की तू मालकिणीसारखी नाही, मोलकरणीसारखी वागलीस. वाचक म्हणतात, बिचारी किती भित्री. अक्का म्हणाल्या, "फोडलं तिनं, आळ पोराव. आनि बिचारी तीच?"

मिसेस डॅन्व्हर्सबद्दलही अक्कांचं मत जगाच्या विरुद्ध. सगळे तिला हडळ म्हणतात. १९४० साली हिचकॉकने सिनेमा काढला, त्यात ज्युडिथ अँडरसनने तिला असं उभं केलं की तेव्हापासून ती चालताना दिसतच नाही, एकदम समोर उगवते. आपल्याकडं १९६४ साली 'कोहरा' आला, निर्माता हेमंतकुमार, दिग्दर्शक बिरेन नाग, वहिदा रहमान आणि विश्वजीत. त्यात ही भूमिका ललिता पवारांच्या वाट्याला आली, आणि त्यांचा तो डोळा बघून थेटरातल्या बाया घाबरल्या असतील तर नवल नाही. अक्कांनी 'कोहरा' टीव्हीवर पाहिला होता. त्यांचं म्हणणं, ती हडळ नव्हे. तिनं दुसऱ्याच्या घराला आपलं मानलं, हीच तिची चूक. घर जाळल्याशिवाय तिला त्या घरातून सुटता येईना. (पुस्तकात शेवटी मॅन्डर्ली जळतं. कुणी जाळलं हे लेखिका सांगत नाही, पण त्याच दिवशी डॅन्व्हर्स सामान घेऊन निघून गेलेली असते.)

लेखिकेचंही मजेशीर आहे. कॉर्नवॉलमधल्या मेनाबिली नावाच्या वाड्यावर तिचा जीव होता, मॅन्डर्लीत तो वाडा आहेच. १९४३ साली तिनं तो भाड्यानं घेतला, पडझड झालेला, पदरच्या पैशानं उभा केला आणि पंचवीसच्या वर वर्षं राहिली. मालकी कधीच मिळाली नाही. १९६९ साली सोडावा लागला. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध वाड्याची गोष्ट लिहिणारी बाई भाडेकरू होती.

आता रहस्य. धुक्यात किनाऱ्याशी एक जहाज अडकतं, पाणबुड्या खाली उतरतो, आणि त्याला रिबेकाची छोटी बोट सापडते. केबिनमध्ये प्रेत. मॅक्सिम बायकोपाशी कबूल करतो: रिबेका बुडाली नाही, मी तिला गोळी घातली, बोटीत ठेवलं, बोटीला भोकं पाडून बुडवली. का? तर तिनं त्याला डिवचलं होतं की माझ्या पोटी दुसऱ्याचं मूल येईल, तुझ्या नावानं वाढेल, आणि उद्या मॅन्डर्लीचा मालक होईल.

हे ऐकल्यावर आमचे एक मामा बोलले. साच्यावर तीस वर्षं काढलेले, सहसा बोलत नाहीत. "म्हंजे मालकानं बायकू मारली आनि गाव गप ऱ्हायलं. ह्यात रहस्य ते काय?"

मी खरं तर चिडलो. पावणेचारशे पानांची बांधणी ह्या माणसानं एका वाक्यात निकालात काढली. पण घरी आल्यावर ते वाक्य जाईना. कारण इथंच ह्या पुस्तकाची सगळी करामत आहे. कबुलीनंतर पोरीला धक्का बसतो तो खुनाचा नाही. तिला आनंद होतो की नवऱ्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं! आणि तिच्याबरोबर वाचकालाही. पुढची शंभर पानं वाचकाच्या मनात एकच काळजी: मॅक्सिम सापडायला नको. त्यानं गोळी घातली तेव्हा ती गरोदर आहे असं तो समजत होता, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. पुढं लंडनच्या डॉक्टरकडून कळतं की तिला कॅन्सर होता, मूल होणंच शक्य नव्हतं. वाचक म्हणतो, सुटला! हिचकॉकच्या वेळी अमेरिकेतल्या सिनेमाच्या नियमांना हे पचलं नाही. बायकोला मारणारा नवरा मोकळा सुटलेला दाखवता येईना, म्हणून सिनेमात रिबेका पडून मरते, तो गोळी घालत नाही. सेन्सॉरला जे खटकलं ते लाखो वाचकांना खटकलं नाही, हे मला पुस्तकापेक्षा भयंकर वाटतं.

आणि कारण काय, तर वाडा परक्या रक्ताकडं जाईल. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात लग्नाच्या कुंपणातून जात कशी उभी राहते ते दाखवलं होतं. मॅन्डर्लीत जात नाही. पण कुंपण ओळखीचं आहे, आणि त्याच्यासाठी बाईचा जीव घेतला तरी पाहुणे जेवायला येतात हेही ओळखीचं आहे. चौकशी करणारा मॅजिस्ट्रेट कर्नल ज्युलियन मॅक्सिमकडं जेवून गेलेला माणूस. वाड्यावरच्या नाचाला आलेला माणूस.

दोन माणसं आहेत ह्या चौकशीत, ज्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. मला पुस्तकात सगळ्यात मोठी तीच वाटतात.

एक टॅब. बोटी दुरुस्त करणारा कारागीर. चौकशीत सगळं सुरळीत संपत आलेलं असतं, बाई वादळात बुडाली म्हणून. तेवढ्यात टॅब उभा राहतो. म्हणतो, बोट मी दुरुस्त केली होती, ती पक्की होती, तळाची भोकं आतून पाडलेली आहेत. हा माणूस रिबेकासाठी बोलत नाही, न्यायासाठीही नाही. त्याच्या कामावर बट्टा येतोय म्हणून बोलतो. ज्याच्या हातात हुन्नर आहे तो माणूस एवढ्या एका गोष्टीसाठी साहेबांपुढं उभा राहू शकतो. वाचकाला मात्र ह्या टॅबचा राग येतो. मलाही आला. मालकाच्या बाजूनं मला राग आला! निकाल तरीही आत्महत्येचा लागतो.

दुसरा बेन. किनाऱ्यावर शिंपले गोळा करत हिंडणारा, गावानं वेडा ठरवलेला. रिबेका त्याला धमकावून गेलेली असते की इथं मला पाहिलंस असं बोललास तर वेड्यांच्या इस्पितळात टाकीन. नवी मालकीण किनाऱ्यावर भेटते तेव्हाही तो हेच विचारतो, मला तिकडं धाडणार नाही ना? पुढं रिबेकाचा चुलतभाऊ फॅव्हेल मॅक्सिमला पकडायला निघतो आणि म्हणतो, बेनला बोलवा, तो तिथंच असायचा, त्यानं पाहिलं असेल. बेनला वाड्यात आणतात. गालिच्यावर उभं करतात. समोर मॅजिस्ट्रेट, मालक, मालकीण, मॅनेजर. विचारतात, पाहिलंस का काही? ह्या माणसाला ओळखतोस का? आणि बेन म्हणतो, मी काही पाहिलं नाही. मला इस्पितळात नेऊ नका.

मॅक्सिम सुटतो. मी पुस्तकावरून डोळे उचलले आणि माझ्या लक्षात आलं की मी सुटकेचा श्वास टाकलाय.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर हे लिहिणं लबाडी होईल. आधी ज्या कारखान्यात होतो तिथं एका बदली पोराची दोन बोटं गेली. दात्यांवरचं झाकण काढून ठेवलेलं होतं, सारखं उघडायला वेळ जातो म्हणून, आणि काढायला कुणी सांगितलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशीला माणूस आला. थंड खोली, टेबलाच्या पलीकडं तिघं. मला विचारलं, झाकण होतं का? मी म्हटलं, होतं. परत विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलं? मी म्हटलं, होय. मला इस्पितळाची भीती नव्हती. आत घेतात की बाहेर, एवढीच भीती होती. त्या पोरानं नंतर मला काही विचारलं नाही.

तेव्हा बेनच्या पानावर मी जो श्वास टाकला तो काय होता, हे मी आठ दिवस स्वतःला विचारत होतो. एकच उत्तर आलं. लेखिकेनं मला गालिच्यावर उभं केलंच नव्हतं. तिनं मला सोफ्यावर बसवलं होतं, त्या पोरीच्या शेजारी. मी बेनचा माणूस, पण कादंबरीभर मॅक्सिमच्या घरात राहिलो, त्याचा चहा प्यालो, त्याच्या काळज्या केल्या, आणि वेळ आली तेव्हा माझ्या माणसानं खोटं बोलावं म्हणून प्रार्थना केली. ही ताकद थोडी नाही. ह्या पुस्तकाला हलकंफुलकं, बायकी, वेळ घालवायचं म्हणणारे टीकाकार होते आणि आहेत. त्यांनी ते पान पुन्हा वाचावं. आपल्यातले काही मित्र म्हणतील की असल्या वाडेवाल्यांच्या कादंबऱ्या वाचायच्याच कशाला. त्यांना माझं म्हणणं, सोफ्यावर बसल्यावर आपलं काय होतं हे कळायला वाचायच्या.

लेखिकेला हे माहीत होतं का? आमच्या तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारे एक मित्र म्हणाले, नाही रे, बेन म्हणजे नुसती युक्ती, कथानकाची सोय. मला तसं वाटत नाही. नुसती सोय असती तर त्याची भीती आधीच इतकी ठळक पेरली नसती. आधीच्या भेटीत भीती, शेवटच्या भेटीत तीच भीती, आणि दोन्ही वेळा तेच इस्पितळ. तिनं ठरवून केलंय. पण करून झाल्यावर ती त्याला विसरली, हेही खरं आहे. रिबेकाला उत्तरं देणारी पुस्तकं लिहिली गेली. बेनसाठी एक तरी निघायला पाहिजे होतं. २०२० साली आणखी एक सिनेमा आला, खात्यातल्या एका पोरानं फोनवर पाहिला. त्याचं मत: बंगला भारी, पिक्चर स्लो. बेन आठवतो का विचारलं. म्हणाला, "कोन बेन?"

गोष्ट संपली त्या दिवशी मी आगीचं सगळं रंगवून सांगितलं. रातीची गाडी, आकाश लाल, वाऱ्यावर येणारी राख. मामांनी तंबाखू मळली. बाकीचे उठले. अक्कांनी डबा बांधता बांधता विचारलं, "आनि त्या शिंपल्यावाल्याचं फुडं काय झालं?"

मी घरी जाऊन शेवटची प्रकरणं परत चाळली. तो कुठं नाही.

पुस्तक सध्या अक्कांच्या नातीकडं आहे, ती बारावीला आहे. तिचं झाल्यावर ज्याला पाहिजे त्यानं मागून न्यावं. कव्हर नाही, आणि टॅबच्या पानावर मशीनच्या तेलाचा डाग आहे, तो माझा.